आमच्या टोळीतला गद्दार

शुक्रवार, ७ सप्टेंबर २००७

आत्याने दिलेली ही वही कपाटात कोरी पडून होती. आज लिहावंसं वाटलं, कारण आज इतकं भांडलो की घसा बसला, आणि तरी घरी येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

भांडण एका जपानी चित्रकथेवरून. मांगा म्हणतात तिला, उजवीकडून डावीकडे वाचायची. दर शुक्रवारी कुणीतरी भला माणूस नवा भाग इंग्रजीत करून नेटवर टाकतो. कॉलेज रोडला रोहितच्या काकांचं सायबर कॅफे आहे. लेक्चर संपलं की आम्ही चौघं तिथे एका कॉम्प्युटरपुढे खुर्च्या चिकटवून बसतो: मी, रोहित, एकलहऱ्याहून येणारा ज्ञानेश (त्याचे वडील तिथल्या वीज केंद्रात आहेत) आणि माझ्या बाकावरची प्रतिभा. ती नांदगावची, इथे होस्टेलला राहते.

गोष्टीत समुद्र आटून नुसतं मीठ उरलंय. सातजण चाकं लावलेल्या शिडाच्या होडीतून, पाणी गेलं कुठे ते शोधत निघालेत. जिवाला जीव देणारी टोळी. पण ते जातील तिथे काळ्या शिडांचे लुटारू आधीच येऊन बसलेले असतात. आजच्या भागातही तेच झालं.

ज्ञानेश म्हणाला, "सरळ आहे. सातातला एक फितूर आहे. माझा संशय सायोवर."

सायो म्हणजे नकाशे काढणारी. माझी सगळ्यात लाडकी.

"शक्यच नाही," मी म्हणाले. "स्वयंपाकी तापाने पडला होता तेव्हा सायोने खांद्याला दोर लावून होडी ओढली. पकडून द्यायचं असतं तर ओढली असती का?"

"ओढेल. ओढता ओढताच फितुरी करेल."

"मग ती टोळी कसली?"

प्रतिभा मधेच म्हणाली, "फितूर म्हणजे वाईटच, असं कुठं लिहिलंय?" आम्ही दोघंही तिच्यावर ओरडलो.

रोहितचे काका मात्र माझ्यावर चिडतात. त्यांच्या कॅफेतला पाण्याचा जार मीच रिकामा करते म्हणे. काय करू, सप्टेंबर असून उकाडा किती आहे.

आमच्या मखमलाबादच्या मळ्यातून कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी. चुलत बहिणीला दहावीनंतर घरी बसवलं. अण्णांनी मला पाठवलं. असे मित्र मिळाले, अशी गोष्ट मिळाली. झोपताना देवाचे आभार मानते ते खरंच मनापासून.


मंगळवार, १८ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. मोदक इतके खाल्ले की आई म्हणाली, "पोरी, पोटात काय राक्षस बसलाय का?" तरी शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, "भाग्यश्री लय बारीक झाली गं, सिनेमातल्यावानी." मी आरशात तीनदा पाहिलं. पंजाबी ड्रेस खरंच सैल झालाय. खाऊन बारीक व्हायचं भाग्य कुणाला मिळतं!

बाकी विशेष काही नाही. मोरीत मुंग्या झाल्यात. आई रोज पावडर टाकते, त्या रोज परत येतात. रात्री मला सारखं उठावं लागतं, तेव्हा पायाला चावतात.


शुक्रवार, २८ सप्टेंबर

ज्ञानेशने पुरावा आणला. जुन्या भागातलं एक चित्र प्रिंट काढून आणलं होतं. सातजण शेकोटीभोवती हसतायत. "नीट बघ. सगळ्यांचे डोळे हसताना मिटलेत. सायोचे उघडे आहेत. चित्रकार असं उगाच काढत नाही."

मला ते डोळे नीट दिसलेच नाहीत. चित्र डोळ्यांजवळ नेलं तरी रेघा एकमेकींत मिसळत होत्या. हल्ली फळ्यावरचंही असंच दिसतं. कॉम्प्युटरचा परिणाम. प्रतिभा न सांगता तिची वही माझ्यापुढे सरकवते आणि मी उतरवून घेते.

"तिचे डोळे उघडे आहेत कारण ती पहारा देतेय," मी म्हणाले. "बाकीच्यांना बिनघोर हसता यावं म्हणून."

रोहितने टाळ्या वाजवल्या. ज्ञानेशने प्रिंट घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "तू वकील व्हायला हवी होतीस."


बुधवार, ३ ऑक्टोबर

आज कॅफेच्या जिन्यात पडले. म्हणजे बसले. म्हणजे मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा रोहितचे काका तोंडावर पाणी मारत होते आणि प्रतिभा माझं डोकं मांडीवर घेऊन पांढरीफटक पडली होती.

"आत्ताच्या आत्ता घरी फोन करू," ज्ञानेश म्हणाला.

मी उठून बसले आणि तिघांना शपथ घातली. घरी एक शब्द जाता कामा नये. अण्णा चांगले आहेत, पण मोठे काका टपलेलेच आहेत. 'पोरगी रस्त्यात चक्कर येऊन पडते' हे त्यांनी ऐकलं की कॉलेज संपलं. वर 'पोरीला काहीतरी आजार आहे' ही बोंब. एकदा ती उठली की आमच्याकडे मुलीचं काय होतं ते मला माहीत आहे.

"सातजणांसारखी शपथ घ्या," मी म्हणाले. "टोळीतली गोष्ट टोळीत."

रोहितने लगेच हात पुढे केला. ज्ञानेशने जरा वेळाने. प्रतिभाने सगळ्यात शेवटी, आणि तिचा हात गार होता.


रविवार, ७ ऑक्टोबर

प्रतिभा मळ्यावर आली होती. आईने तिला आग्रह करकरून जेवू घातलं. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू कळीला आलाय, तो बघून ती खुळावली. अण्णा तिला म्हणाले, "दसऱ्याला ये पोरी, सगळा मळा पिवळा हुईल."

सगळं छान चाललं होतं. मग ती हातपाय धुवायला मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आली ती हात न पुसताच. मला विहिरीकडे नेऊन म्हणाली, "या मुंग्या कधीपासून आहेत?"

"मुंग्यांचं काय घेऊन बसलीस?"

"माझी मामेबहीण निकिता. तिला बारा वर्षांची असताना साखरेचा आजार निघाला. तिच्याही घरी आधी मुंग्याच झाल्या होत्या. भाग्या, तू रक्त तपासून घे. घरी सांग."

मी हसले. साखरेचा आजार म्हाताऱ्यांना होतो, जाड्या माणसांना होतो. मी काडीसारखी झालेय. ती ऐकेचना, तेव्हा मी चिडले. "तू घरी सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. या जन्मात नाही."

ती तशीच घराकडे वळली. जाताना आईच्या पाया पडली. आई म्हणते, किती गुणी मुलगी.


शुक्रवार, १२ ऑक्टोबर

घट बसले. मी यंदा नऊही दिवसांचा उपवास धरलाय. वणीच्या देवीला बोलले, ही चक्कर जाऊ दे आणि कॉलेज राहू दे. साबुदाणा, रताळी, केळी आणि तांब्यांवर तांबे पाणी. सुलाबाई म्हणाल्या, "उपासाचं तेज आलंय तोंडावर."

आजच्या भागात काळी शिडं पुन्हा पुढे हजर. मी भांडायला गेले, पण धाप लागली.


सोमवार, १५ ऑक्टोबर

आज लिहिणारच आहे.

दुपारी कॅफेत बसलो होतो आणि दारात अण्णा. मळ्यातल्याच कपड्यांत, चपलांना चिखल. आरडाओरड नाही, काही नाही. माझी बॅग उचलली आणि म्हणाले, "चल पोरी. घरी चल."

मोटरसायकलवर बसवून आणलं. घरी आल्यावर आई रडत होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. जिना, चक्कर, शपथ, रात्रीचं उठणं, सगळं.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"फोन आला हुता. ज्यानं क्येला त्याला म्या शब्द दिलाय, नाव सांगनार नाय."

"आता कॉलेज बंद ना?"

"आधी तू बरी हो. मंग बघू," अण्णा म्हणाले.

मंग बघू म्हणजे बंदच. अण्णांचा नंबर आमच्यापैकी एकाकडेच आहे. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या गणपतीसाठी ज्ञानेशने आमच्याकडून फुलं नेली होती. ज्याला प्रत्येक टोळीत फितूर दिसतो, तोच फितूर निघाला.


बुधवार, १७ ऑक्टोबर

काल डॉक्टरकडे नेलं. आईने साखरेचं विचारलं तर ते हसले, या वयात कुठली साखर, हा उपवासाचा अशक्तपणा. इंजेक्शन दिलं, टॉनिक दिलं, ग्लुकोजची पावडर पाण्यातून प्यायला सांगितली. प्रतिभाच्या मुंग्यांचं काय झालं मग? सांगितलं होतं मी.

आज ज्ञानेश आला. ओट्यावर उभा राहिला, आत येऊ का विचारलं. मी खाटेवरूनच म्हणाले, "तूच ना?"

त्याने अर्धी काढलेली चप्पल परत पायात घातली.

"बोल ना. तूच फोन केलास ना अण्णांना?"

"तुला तसं वाटत असेल तर असू दे."

"जा मग. परत येऊ नकोस."

तो गेला. साधं 'नाही' सुद्धा म्हणाला नाही. बराच वेळ तो फाट्यावर उन्हात उभा होता, आई म्हणाली. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, थोडं वाटलं.


गुरुवार, १८ ऑक्टोबर

रोहित आणि प्रतिभा आले. मी ज्ञानेशबद्दल सांगितलं तर रोहित केवढा भडकला! "असा निघेल वाटलं नव्हतं," म्हणाला. पण माझ्याकडे न बघता म्हणाला. मग उगाच माझा हात धरून नाडी बघत बसला, जसा काही मोठा डॉक्टर. प्रतिभा माझ्या उशाशी वाकली आणि आईला म्हणाली, "काकू, हिच्या तोंडाला वास येतोय का, पिकलेल्या फळासारखा?" आई म्हणाली, "केळी खाती ना ती." प्रतिभा लगेच उठली, तिला नांदगावची गाडी पकडायची होती म्हणे. एवढी कसली घाई असते लोकांना.

तरी हे दोघं आहेत माझ्याजवळ. देवा, एवढं तरी ठेवलंस.


शुक्रवार, १९ ऑक्टोबर

ग्लुकोज प्यायले, उलटली. परत प्यायले, परत उलटली. पोटात दुखतंय. झेंडू फुललाय, खिडकीतून नुसतं पिवळं दिसतं. बायका तोडायला आल्यात. मला जायचंय त्यांच्यात.


शनिवार, २० ऑक्टोबर

श्वास पुरत नाही. पाणी


शुक्रवार, २६ ऑक्टोबर

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे. जिवंत आहे. आज पहिल्यांदा पेन धरता आलं, म्हणून आधी हेच लिहिलं.

शनिवारचं मला काही आठवत नाही. आईने आणि अण्णांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं ते लिहिते.

दसऱ्याचा आदला दिवस, टेम्पोत झेंडू भरून झाला होता. वर्षाचा सगळ्यात मोठा बाजार. अण्णा निघणार एवढ्यात प्रतिभा धावत आली. नांदगावला मामाकडे जाऊन निकिताचं रक्त तपासायचं मशीन घेऊन ती परस्पर मळ्यावर आली होती. मी म्हणे तिच्याकडे पाठ फिरवली. तिने जबरदस्तीने माझं बोट धरलं, टोचलं, थेंब घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली. एच आणि आय.

अण्णांनी ती जुळवून वाचली. "हाय? काय हाय?"

"काका, हाय म्हणजे जास्त. इतकी जास्त साखर की मशीनला मोजता येत नाही. आत्ता न्यायला पाहिजे हिला."

अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. टेम्पोचा फाळका उघडला आणि मधले क्रेट उचलून उचलून रस्त्यावर फेकले. मला उरलेल्या फुलांवर आडवं केलं. आईच्या मांडीवर डोकं, प्रतिभाच्या मांडीवर पाय. आई म्हणते, पंचवटीच्या सिग्नलला लोक टेम्पो अडवून झेंडूचा भाव विचारत होते आणि अण्णा हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

इथल्या डॉक्टर मॅडमनी मला काल समजावून सांगितलं. माझं शरीर साखर वापरूच शकत नाही, ती लघवीवाटे जाते, म्हणून मोरीत मुंग्या. त्यासाठी लागणारं इन्शुलिन आत तयार होणं थांबलंय, ते आता बाहेरून घ्यायचं, इंजेक्शनने, जन्मभर. मी विचारलं, "उपवास केला म्हणून झालं का?" त्या म्हणाल्या, "नाही. तू काही चुकीचं केलं म्हणून नाही झालं." मग म्हणाल्या, "अजून एक दिवस उशीर झाला असता तर मात्र मी तुझ्याशी बोलत नसते."

दसऱ्याच्या दिवशी आईने शुद्धीत नसलेल्या माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं होतं. ते अजून उशीखाली आहे.

प्रतिभा, तुझं तोंड बघणार नाही म्हणाले होते मी. आज दुपारी तू झोपली होतीस स्टुलावर बसल्या बसल्या, तेव्हा मी तुझं तोंडच बघत होते.


रविवार, २८ ऑक्टोबर

आज तिघंही आले. ज्ञानेश दाराशीच थांबला होता, मी परत येऊ नकोस म्हणाले होते ना. अण्णांनी त्याला हाताला धरून आत आणला.

अण्णांकडून कळलं की रस्त्यावर फेकलेला झेंडू दसऱ्याच्या सकाळी रोहित आणि ज्ञानेशने गोळा केला आणि रविवार कारंजाच्या चौकात बसून विकला. रोहितला भाव करता येईना. गिऱ्हाईक "कमी करा" म्हणालं की तो लगेच कमी करायचा. शेवटी ज्ञानेशने त्याला हार ओवायला बसवलं. आलेले पैसे त्यांनी अण्णांच्या हातात ठेवले आणि अण्णांनी ते न मोजता तसेच खिशात घातले. भाव करण्यात आयुष्य गेलेला माझा बाप.

रोहितने नव्या भागाचे प्रिंट आणले होते. त्यात सगळा उलगडा झाला. सायो फितूर नव्हती. कुणीच नव्हतं. रात्री दवाने मीठ ओलं होतं, त्यावर होडीची चाकं उमटतात, आणि काळी शिडं त्या चाकोऱ्यांवरून दिशा ओळखून आडवाटेने पुढे जाऊन बसतात. बस, एवढंच!

"हे काय उत्तर झालं?" ज्ञानेश चिडला. "मग तिचे डोळे का उघडे काढले?"

"मी जिंकले," मी म्हणाले. "टोळीत गद्दार नव्हताच."

"त्या टोळीत नव्हता," रोहित म्हणाला आणि जीभ चावली.

मी ज्ञानेशला म्हणाले, "तुला मी नको ते बोलले. तू फोन केलास म्हणून तर घरी कळलं. नाहीतर प्रतिभा मशीन घेऊन आली तेव्हाही मी तिला 'उपवास आहे' म्हणून घालवून दिलं असतं आणि आईने माझंच ऐकलं असतं."

ज्ञानेश म्हणाला, "फोनवर मी बोललो हे खरं आहे."

"पण फोन करायचा हे मी ठरवलं," प्रतिभा म्हणाली. "मोरीतल्या मुंग्या बघून आले त्याच रात्री. पण धीर व्हायला आठवडा लागला. त्या सोमवारी सकाळी तिघं बूथवर गेलो, मी दोनदा नंबर लावला, आणि दोन्ही वेळा अण्णांचा आवाज ऐकून ठेवून दिला. रडायलाच यायचं."

"मग मी घेतला रिसीव्हर," रोहित म्हणाला. "मी 'काका, नमस्कार' म्हणालो आणि पुढचं सगळं विसरलो. मग याने हिसकावून घेतला."

मी उशीवरून उठून बसले. "म्हणजे तुम्ही तिघं? आणि रोहित, तू त्या दिवशी घरी येऊन भडकलास ते?"

"ते ठरलेलं होतं," तो मान खाली घालून म्हणाला.

प्रतिभाने सांगितलं. फोन करण्याआधी त्यांनी बूथबाहेर उभं राहून ठरवलं होतं: मी ज्याच्यावर संशय घेईन त्याने नाकारायचं नाही, गप्प राहून ऐकून घ्यायचं. म्हणजे उरलेल्या दोघांना माझ्याजवळ येता येईल, माझ्यावर लक्ष ठेवता येईल. "तिघांवर चिडली असतीस तर घरात कुणाला येऊ दिलं असतंस तू?"

"आणि मी प्रतिभावर संशय घेतला असता तर?"

"तर मी गेले असते," ती म्हणाली, "आणि मशीन यांच्याबरोबर पाठवलं असतं."

मी ज्ञानेशला विचारलं, फाट्यावर उन्हात काय करत होतास इतका वेळ? म्हणाला, "बस नव्हती." त्या रस्त्याला दर थोड्या वेळाने बस आहे.

मला इतकं रडू आलं की नर्स धावत आली आणि तिघांना बाहेर काढलं. जाताना रोहित म्हणाला, "रडू नकोस, साखर वाढेल." असं काही असतं का, ते उद्या मॅडमना विचारते.


सोमवार, १९ नोव्हेंबर

दिवाळी घरी झाली. आई इन्शुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवते, फ्रिज घेईपर्यंत असं चालेल म्हणालेत. पहिली इंजेक्शनं अण्णांनी दिली. द्राक्षांची छाटणी झरझर करणारा हात माझ्या दंडापाशी येऊन अडायचा. आता माझी मीच घेते.

सुलाबाई परवा आईला समजावत होत्या, "पोरीची जात हाय. गावात बोलू नका. उद्या स्थळं कशी येतील?" मोठे काकाही तेच म्हणाले, वर, "कॉलेज पुरे आता."

अण्णा म्हणाले, "दादा, तिचं औषिद काय, किती, कवा, ह्ये सम्दं तिला वाचता यायला पायजे. मला दोन अक्षरांच्या म्होरं येत नाय. ती शिकनार."

आज त्यांनीच मला कॉलेजला सोडलं. फाटकापाशी मोटरसायकल थांबवून म्हणाले, "डबा येळेवर खा," आणि लगेच वळले. मागे वळून बघितलं असतं तर मला दिसले असते त्यांचे डोळे, म्हणून नाही बघितलं त्यांनी.

दुपारी कॅन्टीनमध्ये चौघं बसलो. जेवणाआधी इंजेक्शन घ्यायचं असतं. प्रतिभा म्हणाली, "लेडीज रूममध्ये जाऊ या का? मी दाराशी उभी राहते." मी उठलेसुद्धा होते. मग बसले. बाटली काढली, सुई भरली, बाही वर केली आणि तिथेच घेतलं. रोहितने डोळे गच्च मिटून घेतले. ज्ञानेशने माझ्या डब्याचं झाकण उघडून ठेवलं.

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी टक लावून बघत होती. आमच्या वर्गातली नाही, नाव माहीत नाही. शेवटी तिने विचारलंच, "काय झालंय गं तुला?"

"बस," मी तिला म्हणाले, "सांगते."

आणि सगळं सांगितलं.